फ्रीजवरचं नाव क्रेनवर कसं?

गेल्या अंकात 'माझं काम' या पानावर मी टॉवर क्रेनच्या उभारणीबद्दल दीड पान लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं प्रश्नोत्तरांचं सदर माझ्याच गळ्यात घातलं. मी आयटीआयचा फिटर. १९८६ साली हेल्पर म्हणून या धंद्यात शिरलो, इरेक्शन सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. म्हणजे क्रेन चालवणारा मी नव्हे. उभी करणारा आणि उतरवणारा. त्या बेतानंच उत्तरं वाचावीत.

प्रश्न : आमच्याकडे शेंद्र्याला लीभेर कंपनीचा फ्रीजचा कारखाना आहे. परवा मुलाकडे मुंबईला गेलो, तर त्याच्या इमारतीसमोरच्या पिवळ्या क्रेनवर तेच नाव! कंपनी एकच का? आणि फ्रीजवाले क्रेन कशाला करायला लागले?
(निवृत्त शिक्षक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : गुरुजी, कंपनी एकच, फक्त क्रम उलटा. क्रेन आधी, फ्रीज मागाहून. या नावाचं आम्ही साइटवर 'लिबर' करून टाकलं होतं. एकदा जर्मनीहून आलेला इंजिनिअर 'लीप-हेअर' असं काहीतरी म्हणाला, तेव्हा आमच्यातल्या निम्म्यांना वाटलं, हा दुसऱ्याच कुठल्या क्रेनबद्दल बोलतोय.

हान्स लीभेर हा मुळात गवंडी. जन्म १९१५ चा. दक्षिण जर्मनीत इलर नदीच्या काठी किर्शडॉर्फ नावाचं गाव आहे, तिथे त्यांचा घरचा बांधकामाचा धंदा होता. पुढे महायुद्ध झालं. ते संपलं तेव्हा जर्मनीतली शहरंच्या शहरं विटांचे ढिगारे होऊन पडली होती आणि लाखो लोकांना घरं हवी होती. आता गवंड्याच्या जागी उभे राहून बघा. भिंत बांधायला तुम्ही परांचीवर उभे आहात, हात चालतोय, पण वीट आणि मसाला खालून वर येतोय बिगाऱ्याच्या खांद्यावरून, शिडीनं. दोन मजल्यांपर्यंत हे कसंबसं निभतं. तिसऱ्याला गवंडी थापी हातात धरून वाट बघत बसतो, आणि त्या बसण्याची मजुरी मालकाला पडते.

मोठ्या क्रेन तेव्हाही होत्या, पण मोठ्या कामांवर. तीन मजली घरासाठी तेवढं धूड आणून उभं करायचं म्हटलं, तर ते उभं राहीपर्यंत हातानं भिंत चढली असती. लीभेरनं नेमकं याच्यावर बोट ठेवलं. १९४९ साली त्यानं 'टीके १०' नावाची क्रेन केली. रस्त्यानं सहज नेता येणारी, जागेवर गेल्यावर थोडक्या माणसांत उभी राहणारी आणि काम झालं की पुढच्या साइटला निघणारी.

मला विचाराल तर खरी अक्कल इथे आहे. वजन उचलणं माणसाला फार आधीपासून येतंय. आपल्याकडची विहिरीवरची मोट काय, रहाट काय, सगळं तेच. घोडं अडतं ते उचलणाऱ्या यंत्राला कामावर न्यायचं कसं, उभं करायचं कसं आणि पुन्हा काढायचं कसं, इथे. एकतीस वर्षं मी जो पगार घेतला तो याच अडलेल्या घोड्याचा. क्रेन रोज किती टन उचलते हे ऑपरेटरला विचारा. ट्रेलर कुठल्या गल्लीतून वळेल याची काळजी माझी होती.

त्या वर्षी फ्रँकफर्टच्या व्यापारी जत्रेत लीभेरनं ही क्रेन मांडली, तेव्हा लोकांनी फारशी दाद दिली नाही. मागणी पुढे हळूहळू आली. आपल्यात म्हणतात, गरजवंताला अक्कल नसते. क्रेनच्या धंद्यात मी ते खोटं ठरलेलं पाहिलंय. ज्याचं स्वतःचं काम अडलं, त्यानंच यंत्र सुधारलं.

पुढची वाढही तशीच झाली. क्रेनचा वरचा भाग फिरतो तो मोठ्या दातेरी चक्रावर. ते दाते लीभेरला हवे तसे कापून मिळेनात, म्हणून त्यानं दाते कापायची यंत्रं स्वतःच करायला घेतली. आपला हात जगन्नाथ! आज त्यांच्या समूहाची केम्प्टेन गावातली कंपनी ही गिअर कापायची यंत्रं जगभर विकते, वाहनांचे गिअर करणाऱ्यांनासुद्धा. फिटर म्हणून मला त्यांच्या क्रेनपेक्षा या गोष्टीचं कौतुक जास्त. १९५४ साली हायड्रॉलिक एक्स्कॅव्हेटर आला, कारण त्या काळी खोदायची यंत्रं तारेच्या दोरांवर चालणारी आणि फार अवजड होती. त्याच वर्षी ओक्सेनहाउझेनला फ्रीजचा कारखाना. फ्रीजच का, याला मी माझ्यापुरतं एक उत्तर शोधून ठेवलंय : घरं उभी करून दिली, आता आत ठेवायला काहीतरी नको का?

टॉवर क्रेनचं मुख्य ठाणं पुढे बीबेराखला झालं. १९५८ मध्ये हा गडी आयर्लंडमध्ये किलार्नीला गेला आणि तिथे कारखाना काढला. बंदरावर जहाजातून कंटेनर काढणाऱ्या क्रेन तिथे बनतात. त्याच गावात त्यांची हॉटेलंही आहेत, खोटं वाटेल पण आहेत. १९६० पासून विमानांचे भाग. एअरबसच्या ए-३५० विमानाच्या नाकाखालची चाकं ज्या सांगाड्यावर उतरतात, तो त्यांचा. हान्स लीभेर १९९३ साली गेले. समूहाचं मुख्य कार्यालय आता स्वित्झर्लंडमधल्या ब्युल गावी आहे. पन्नास हजारांवर माणसं कामाला आहेत आणि २०२३ ची उलाढाल चौदा अब्ज युरोंच्या वर गेली, तरी शेअर बाजारात हे नाव तुम्हाला मिळायचं नाही. सगळी मालकी अजून घरातल्या घरात, मुलं आणि नातवंडं मिळून चालवतात. आपल्याकडे तीन पिढ्यांत किराणा दुकानाच्या चार वाटण्या होतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

प्रश्न : टॉवर क्रेनचा शोध लीभेरनं लावला असं आमच्या सरांनी शिकवलं. परीक्षेत तसंच लिहू का?
(डिप्लोमा सिव्हिल, दुसरं वर्ष, सांगली)

उत्तर : सरांचा मान राखून सांगतो, नको. हाइलब्रॉन गावच्या यूलियस वोल्फच्या कंपनीनं पहिल्या महायुद्धाच्या आधीच टॉवर क्रेन केल्या होत्या. वोल्फचं नाव अजून चालू आहे, क्रेन लालभडक असतात. फ्रान्समध्ये फॉस्टँ पोतँ यानं ला क्लेयेत गावी १९२८ साली आपली कंपनी काढली होती. लीभेरचं श्रेय सहज हलवता येणाऱ्या टॉवर क्रेनचं. पेपरात 'हलवता येणारी' हा शब्द घाला आणि मार्क कापले तर माझं हे उत्तर दाखवा.

प्रश्न : आमच्या गॅलरीसमोर वर्षभर एक क्रेन आहे. मी दुपारी तिच्याकडेच बघत बसते. आधी ती दहाव्या मजल्याएवढी होती, आता तिसाव्याच्याही वर गेलीय. दुसरी क्रेन आलेली मी पाहिली नाही. मग हिला वाढवलं कोणी? आणि रात्री कोणी नसताना ती आपोआप फिरते, ते कसं?
(वय ७४, डोंबिवली)

उत्तर : आजी, तुम्ही वर्षभर बघितलंत म्हणून हा प्रश्न तुम्हाला सुचला. आमच्या साइटवरच्या इंजिनिअरांना सुचत नाही.

ती स्वतःच वाढते. क्रेनचा उभा जाळीदार खांब, त्याला आम्ही मास्ट म्हणतो. तो तुकड्या-तुकड्यांचा असतो. त्याच्या वरच्या टोकाभोवती एक पिंजरा बसवतात, क्लायंबिंग केज. या पिंजऱ्याची एक बाजू उघडी, खिडकीसारखी. क्रेन आपल्याच हुकानं खालून मास्टचा नवा तुकडा उचलते आणि खिडकीसमोर लटकवून ठेवते. मग हुकावर दुसरं एक वजन घ्यायचं आणि हूक जिला टांगलेला असतो ती ट्रॉली आडव्या हातावर पुढे-मागे करत अशी जागा शोधायची की वरचा सगळा भाग तराजूच्या दांडीसारखा समतोल होईल. तो साधला की वरचा भाग आणि मास्ट यांना जोडणाऱ्या पिना काढायच्या. आता शेकडो फुटांवर क्रेनचं अख्खं डोकं मास्टपासून सुटलेलं असतं, पिंजरा आणि एका हायड्रॉलिक जॅकच्या भरवशावर. जॅक त्याला टप्प्याटप्प्यानं वर ढकलतो. खाली एका तुकड्याएवढी फट पडली की नवा तुकडा खिडकीतून आत सरकवायचा, वरून-खालून पिना ठोकायच्या. झाली क्रेन एका तुकड्यानं उंच.

या वेळात क्रेन फिरवायची नाही. इंचभरही नाही. वारा वाढला तर काम बंद. खाली कोणी गप्पा मारत नाही आणि वर बोलतो फक्त एक जण. बाकी दिवसभर साइटवर 'हाबेस' आणि 'आरिया' असा आरडाओरडा चालू असतो; हाबेस म्हणजे उचल, आरिया म्हणजे सोड. हे गोदीतल्या खलाशांचे शब्द, त्यातला आरिया पोर्तुगीज आहे. पण पिना निघाल्या की त्या शब्दांचाही आवाज हळू होतो.

पिनांवरून एक सांगतो. नव्वदच्या दशकात नवी मुंबईत एका कामावर आम्ही क्रेन वाढवायला गेलो होतो. नाव कोणाचं घेत नाही. मी सवयीनं प्रत्येक पीन कापडानं पुसून बघायचो. कंपनीच्या पिनेच्या तोंडावर ठोकलेला शिक्का असतो, बोट फिरवलं तरी लागतो. सहावी पीन पुसली, तर तोंड गुळगुळीत, नव्या भांड्यासारखं चकचकीत. सातवीही तशीच. हरवलेल्या पिनांच्या जागी कोणीतरी जवळच्या लेथवर साध्या लोखंडाच्या फिरवून आणल्या होत्या. माप बरोबर! मापाला नावं ठेवायला जागा नव्हती. पण त्या पोलादाला भट्टीत जे पाणी देतात, ते लेथवर कुठून येणार? मी म्हटलं, मी चढत नाही आणि माझी माणसंही चढणार नाहीत. मॅनेजरनं चार माणसांत माझी आई-बहीण काढली, 'पीन म्हणजे पीन' म्हणाला. पाच दिवस काम थांबलं. अस्सल पिना आल्या तेव्हा त्याच मॅनेजरला मी एक-एक पीन हातात देऊन शिक्का बघायला लावला. हे शहाणपण नव्हतं, राग होता. पण कारखान्याची क्रेन आपण विकत घेतो ती पिवळ्या रंगासाठी नाही, त्या शिक्क्यासाठी, हे मला त्या दिवशी कळलं.

क्रेन फार उंच झाली की एकटी उभी राहू शकत नाही, म्हणून तिला ठरावीक उंचीवर इमारतीला बांधतात. त्या चौकटीला कॉलर म्हणतात. तुमच्या गॅलरीतून दिसत असतील, मोजून बघा.

आता रात्रीचं. काम संपलं की ऑपरेटर फिरण्याचा ब्रेक मोकळा सोडून खाली उतरतो. मुद्दाम. मग क्रेनचा लांब हात वाऱ्याबरोबर वळतो, देवळाच्या शिखरावरच्या ध्वजासारखा, आणि वारा त्याला आडवा न लागता अंगावरून निघून जातो. ब्रेक लावून ठेवला असता तर तो हात वाऱ्यानं शीड धरल्यासारखा धरला असता. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा वारा नोंदला गेला. त्या दिवशी मी घरी टीव्हीसमोर होतो आणि डोक्यात एकच : सगळ्यांनी ब्रेक सोडले असतील ना? तेव्हा रात्री ती फिरताना दिसली तर निवांत झोपा. फिरली नाही तर काळजी करायची.

प्रश्न : लहानपणी आमच्याकडे क्रेनवर 'शिर्के' लिहिलेलं असायचं. आता दिसत नाही. मराठी माणसाची क्रेन कंपनी बुडाली की काय?
(वाई, जि. सातारा)

उत्तर : बुडाली नाही, विकली गेली, आणि वाईच्या माणसानं हा प्रश्न विचारावा याची गंमत वाटली, कारण बाबूराव गोविंदराव शिर्के तुमच्या शेजारच्या पसरणीचे. १९४४ साली त्यांनी पुण्यात बांधकाम कंपनी काढली. सिपोरेक्सच्या हलक्या विटा लोकांना ठाऊक आहेत. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचं क्रीडासंकुल त्यांच्याच कंपनीनं उभं केलं. त्यांची बांधायची पद्धत अशी की भिंती, तुळया, जिन्याचे भाग कारखान्यात तयार करायचे आणि साइटवर आणून जुळवायचे. आता तयार जिना वर चढवणार कोण? बिगारी घमेलं नेईल, जिना कसा नेईल? म्हणजे पुन्हा तेच, काम अडलं. त्यांनी फ्रान्सच्या पोतँशी करार करून टॉवर क्रेन पुण्यात बनवायला घेतल्या. पोतँ म्हणजे वर सांगितलेला ला क्लेयेतचा. आपल्याकडे त्याला सगळे 'पोटेन'च म्हणतात, मीही.

माझं शिक्षण या क्रेनांवर झालं. स्पेअर पार्ट पुण्यात मिळायचा, माहितीपत्रक वाचून दाखवणारा माणूस मराठीत बोलायचा, आणि नट कुठला सैल होतो हे तो फोनवर सांगायचा. परदेशी क्रेन कितीही चांगली असली तरी हे सुख तिच्यात नसतं. पोतँ २००१ मध्ये अमेरिकेच्या मॅनिटोवॉक कंपनीनं घेतली आणि २००७ मध्ये मॅनिटोवॉकनं शिर्क्यांची क्रेनची कंपनीही विकत घेतली. तेव्हापासून क्रेनवर पोटेनचं नाव राहिलं. बांधकामाची शिर्के कंपनी वेगळी, ती आहेच. शिर्क्यांना २००३ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१० मध्ये ते गेले. वाईट वाटलं का म्हणाल, तर हो. पण क्रेन बनवणं हा असा धंदा झालाय की त्यात एक तर घराणं जर्मनांसारखं चिवट लागतं, नाहीतर मागे मोठा पैसा लागतो. चिन्यांकडे यातलं दुसरं आहे; झूमलायनसारख्या कंपन्यांनी बाजाराचा मोठा हिस्सा केव्हाच गिळला. लीभेरनं मात्र पुण्यात काँक्रीट प्लांट आणि टॉवर क्रेनच्या कामासाठी कंपनी काढलीय, म्हणजे पुण्याचा आणि क्रेनचा संबंध सुटलेला नाही.

प्रश्न : क्रेनवर '८५ ईसी-बी ५' असं लिहिलेलं पाहिलं. ८५ टन उचलते का?
(ठाणे)

उत्तर : नाही हो! उचलते जास्तीत जास्त पाच टन, शेवटचा ५ म्हणजे ते. ८५ हा वजन आणि अंतर यांचा गुणाकार. ढोबळ हिशेब असा की पाच टन साधारण सतरा मीटरवर उचलेल, सतरा पाचे पंच्याऐंशी करून बघा. त्यापुढे ट्रॉली जितकी लांब जाईल तितकं वजन कमी होत जाणार. भरलेली घागर अंगाशी धरा आणि मग हात लांब करून धरा, खांदाच सांगेल. सगळी भांडणं इथेच होतात. कंत्राटदाराला पाच टन टोकावर हवं असतं. तिथे लिमिट स्विच क्रेन थांबवतो, आणि मग खालून ओरडा सुरू होतो की ऑपरेटर काम करत नाही.

प्रश्न : क्रेन स्वतः वर चढते हे बाबांनी वाचून दाखवलं. पण इमारत पूर्ण झाली की ती खाली कशी येते?
(इयत्ता सातवी, नाशिक)

उत्तर : बाळा, बाहेरच्या बाजूला उभी असलेली क्रेन चढली तशीच उतरते, एक-एक तुकडा काढत. खाली जागा मोकळी असली म्हणजे झालं. पण काही क्रेन इमारतीच्या आतूनच, लिफ्टच्या विहिरीतून चढतात. त्यांच्या खाली सगळीकडे मजले तयार झालेले असतात. त्यांना परतीची वाटच नसते.

मग असं करतात. मोठी क्रेन शेवटचं काम म्हणून गच्चीवर एक छोटी क्रेन उभी करते. तिला डेरिक म्हणतात. ही डेरिक मोठ्या क्रेनचे तुकडे करून इमारतीच्या बाहेरून खाली सोडते. पण डेरिक राहिली ना वर? तिला खाली सोडायला मोठी डेरिक आणखी छोटी डेरिक उभी करते. असं करत करत शेवटी एवढी छोटी राहते की तिचे भाग माणसांना हातानं उचलता येतात.

परळला एका कामावर मी ही शेवटची डेरिक उतरवली. पाच जण होतो. तिचा मुख्य दांडा आम्ही गच्चीवरून लिफ्टपर्यंत खांद्यावर आणला. लिफ्टमध्ये तो उभा मावेना, तेव्हा तिरका केला. तरी दार लागेना. चहाच्या किटल्या घेऊन उभा असलेला पोरगा म्हणाला, "काका, सामानाची लिफ्ट पलीकडे आहे, ती मोठी आहे." त्या लिफ्टनं गेला.